बदकांनी मान टाकली तेव्हा

पोफळीत पाण्याचं अप्रूप नाही. घाटमाथ्यावरचं कोयनेचं पाणी बोगद्यातून इथल्या भूमिगत वीजघरात उतरतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. पावसाळ्यात तर सांगायलाच नको. त्यामुळे परसात एक डबकं करावं, चार बदकं सोडावीत असं इथे कुणालाही वाटतं. आमच्या सासऱ्यांनाही वाटलं. गडग्याच्या कडेला त्यांनी खड्डा खणून घेतला, आतून सिमेंट केलं आणि खाकी कॅम्पबेल जातीची बदकं आणली. अंडी मिळू लागली, अळवातल्या गोगलगायी कमी झाल्या, घर खूश.

मे महिना सरत आला तसं पाणी आटून घोटाभर उरलं. हिरवं, वर तवंग धरलेलं. एका सकाळी दोन बदकं काठावरून उठेनात. पाय लुळे, पंख लोंबलेले. दुपारपर्यंत त्यांनी मान टाकली. तिसरं पाण्यातच होतं. त्याचं डोकं पाण्यात कललं ते त्याला उचलवेना आणि आम्ही पोचेपर्यंत ते बुडून मेलं.

पशुवैद्यांनी औषधाच्या आधी विचारलं, "पाण्यात काही कुजतंय का?" पडलेल्या झावळ्या ओढून काढल्या तर खाली मेलेली घूस निघाली, किड्यांनी वळवळणारी. त्यांचा संशय बोट्युलिझमवर होता. याचे जिवाणू चिखलात सुप्त असतात. उन्हाने तापलेल्या, हवा न खेळणाऱ्या, कुजक्या जागी ते वाढतात आणि विष तयार करतात. मेलेल्या प्राण्यातल्या किड्यांत ते विष साठतं. किड्यांना काही होत नाही, पण ते खाणाऱ्या बदकाचे स्नायू लुळे पडतात. 2019 च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी याच रोगाने मेले. उरलेल्या बदकांना आम्ही सावलीत, स्वच्छ पाण्याजवळ हलवलं. ती हळूहळू सावरली.

तेव्हापासून कुणी बदकं पाळायचं म्हटलं की मी आधी विचारते, पाणी बाहेर कसं काढणार? बदक पाण्यातच शिटतं, चिखलाची चोच पाण्यातच धुतं. चार बदकं लहानसं डबकं दोन दिवसांत गढूळ करतात. जाळीने वरचा कचरा काढून ते साफ होत नाही, पाणीच बदलावं लागतं. म्हणून तळ एका बाजूला उतरता ठेवा, तिथे जाड पाइप आणि बूच बसवा. डबकं बागेपेक्षा उंचावर असलं की बूच काढताच पाणी आपसूक नारळी-केळींच्या आळ्यात जातं. खताचं खत, शिंपण्याचं शिंपणं. कोथिंबिरीसारख्या कच्च्या खायच्या भाजीला मात्र ते घालू नका. पाणी काढल्यावर तळ खराट्याने घासून एक दिवस उन्हात वाळू द्या. बदकं आत असताना ब्लीचिंग पावडर टाकू नका.

विहिरीच्या वरच्या अंगाला डबकं नको. आपला जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी झिरपतं. पागोळ्यांचं पाणीही डबक्यात सोडू नका. आमच्याकडच्या पावसात ते उतू जातं आणि घाण अंगणभर पसरते.

दाणा पाण्याकाठी टाकू नका. सांडलेल्या कण्यांवर उंदीर येतात आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. डबक्यात उतरताना गमबूट घाला, पायाला भेगा असतील तर नक्कीच. नंतर ताप आला तर असल्या पाण्यात उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. पावसाळ्यात पेंड किंवा मक्याचा भरडा ओलसर होऊन बुरसला तर फेकून द्या. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन बदकांना कोंबड्यांपेक्षा जास्त बाधतं.

आईविना वाढवलेल्या पिल्लांना पाण्यात सोडायची घाई नको. त्यांच्या पिसांना अजून तेल धरलेलं नसतं. ती भिजतात, गारठतात आणि मरतात. काठाला दगडांची चढण हवी, नाहीतर थकलेल्या पिल्लाला वर येता येत नाही. रांगतं मूल घरात असेल तर कुंपण आणि कडी हवीच. मुलाला बुडायला वीतभर पाणीही पुरतं.

रात्री बदकं खुराड्यात हवीत. मुंगूस, उदमांजर, कोल्हा यांना डबक्याकाठचं बदक आयतंच मिळतं. सकाळी जरा उशिरा सोडा. बदकं बहुधा पहाटे अंडी घालतात, लवकर सोडली तर अंडी पाण्यात जातात.

एकाएकी दोन-तीन बदकं मेली तर उघड्या हाताने उचलू नका, कापून खाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. बदक वरून धडधाकट दिसत असतानाही तो विषाणू बाळगू शकतं.

आणि पाणी काढायला उतार नसेल, तर डबकं खणूच नका. बदकाला डोकं, डोळे, नाकपुड्या बुडवता येतील इतकं खोल पाणी मिळालं की त्याचं भागतं. मोठं घमेलं रोज सकाळी माडाच्या मुळाशी ओतायचं आणि ताजं भरायचं. आमच्या सासऱ्यांचा खड्डा आता मातीने भरलाय, त्यावर अळू लावलंय, आणि बदकं घमेल्यावर मजेत आहेत.