अण्णांची जावा देताना

आमची जावा मोटरसायकल १९७१ सालची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली, मरून रंगाची, टाकीच्या बाजूंना क्रोम. अण्णा, म्हणजे आमचे वडील, साताऱ्यात शिक्षक होते. शाळा, मंडई, यवतेश्वरचा घाट, सगळं याच गाडीवर. ते स्वतः वसतिगृहात राहून, ‘कमवा आणि शिका’ योजनेच्या बळावर शिकले. ‘माझ्यामागं गाडी गरिबाच्या पोरांच्या कामी येऊ दे,’ एवढं एकच मागणं त्यांनी मागे ठेवलं. २०२२मध्ये ते गेले. दादाला आणि मला वाटलं, दान करणं म्हणजे एका दिवसाचं काम. दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात जे कळलं ते लिहून ठेवते आहे.

१. आधी कागद, मग हार-नारळ.
आम्ही उलटं केलं. वर्षश्राद्धाच्या आधीच एका वसतिगृहात गाडी नेऊन उभी केली, पेढे वाटले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आरसी बुक अण्णांच्याच नावावर होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेही संपलेलं होतं आणि विमा नव्हता. महिन्याभरानं सहज कळलं की तिथला एक मुलगा गाडी काढून बाजारात जाऊन आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटेत कुणाला धक्का लागला असता तर? आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलेलं आहे. गाडी कुणाच्या दारात उभी आहे यानं त्यात फरक पडत नाही. मालक वारला तर वारसानं तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. आम्हाला तो फॉर्म आहे हेच उशिरा समजलं. मग मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रं, आणि चेसिस नंबरवरचा गंज खरवडून घेतलेली पेन्सिलीची छाप. या सगळ्यासाठी किती खेपा घातल्या ते मोजायचं मी सोडून दिलं.

२. घेणाऱ्याला गाडी झेपेल का, हे त्याला विचारा.
जावा ही शिकून घ्यायची गाडी आहे. किक आणि गिअर एकाच दांडीवर. दांडी आत दाबून वर वळवली की तिची किक होते. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल मोजून घालावं लागतं. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन जाम. वसतिगृहाच्या अधीक्षकांना भाजी आणायला गाडी हवी होती. त्यांनी दोनतीनदा किक मारून पाहिली आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली लावून टाकली. एक अख्खा पावसाळा तिथं गेला. मी बघायला गेले तेव्हा सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं आणि टाकीचं झाकण उघडल्यावर आत तांबूस गंज दिसला. अण्णा दर रविवारी जुन्या बनियनच्या फडक्यानं ते क्रोम पुसायचे. मी तिथंच पायरीवर बसून रडले. चूक त्या माणसांची नव्हती. आम्ही त्यांना न विचारता आमचं पुण्य त्यांच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं. गाडी आम्ही परत घरी आणली.

३. ‘व्हिंटेज’ हा शब्द जपून वापरा.
२०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकीला आणि चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. भाजी आणायची गाडी व्हिंटेज करून कोणाचं भलं होणार होतं? आम्ही साध्या नोंदणीचंच नूतनीकरण केलं.

४. रंग मारू नका.
दादा नवा रंग द्यायला निघाला होता. गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी हात धरला. ‘इंजिन करू, टाकी आतून साफ करू, वायरिंग बघू. रंगाला हात लावू नका, जुन्या रंगाचीच किंमत आहे.’ ते बरोबर होते.

५. वस्तूपेक्षा पैसा उपयोगी पडत असेल तर वस्तू विका.
हे पटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अण्णांची गाडी विकायची म्हणजे त्यांचा शब्द मोडायचा, असं मनात घट्ट बसलं होतं. आमच्या सीएंनी दुसरी बाजू दाखवली. तेव्हाच्या आयकर कायद्यातली ८० जी सवलत वस्तूच्या दानाला मिळतच नव्हती, ती पैशाच्या दानाला होती. त्यातही रोख दोन हजारांच्या वर दिले तर नाही, आणि नव्या करपद्धतीत तर अजिबात नाही. संस्थेकडे ८० जीची मान्यता हवी होती आणि तिच्याकडून फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र मागून घ्यायचं होतं. पण सवलतीपेक्षा मला अण्णांचं वाक्य पुन्हा नीट ऐकू आलं. गाडी पोरांना द्या, असं ते म्हणालेच नव्हते. पोरांच्या कामी येऊ दे, असं म्हणाले होते.
गाडी कोल्हापूरच्या एका तरुणानं घेतली. त्याच्याकडे आधीची एक येझदी होती. पहिल्या किकला त्यानं जावा सुरू केली तेव्हाच मी मनात हो म्हटलं. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव त्याच्यावर चढल्याचं डोळ्यांनी पाहिलं, मगच गाडी गावाबाहेर जाऊ दिली.

६. घरातल्या मोठ्यांना निरोप घेऊ द्या.
पहिल्या वेळी आम्ही आईला न सांगता गाडी काढली होती. दुसऱ्या वेळी तिनं हँडलला हळदकुंकू लावलं, टाकीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

७. रक्कम देतानाही विचारा.
या वेळी मी त्याच वसतिगृहात गेले आणि काय हवं आहे एवढंच विचारलं. अधीक्षक म्हणाले, ‘ताई, थंडीत पोरं गार पाण्यानं आंघोळ करतात.’ गाडी विकून आलेली पूर्ण रक्कम चेकनं दिली. त्यातून गच्चीवर सोलर बंब बसला.

तुमच्या पडवीत अशी एखादी गाडी उभी असेल आणि ती कुणाला द्यायचं मनात असेल, तर आज आरसी बुक शोधून काढा आणि ते कुणाच्या नावावर आहे ते पाहा.