जुन्या लेथच्या स्पिंडलचे बेअरिंग बदलताना

साकीनाका, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यातील गाळ्यांमधून आजही जुनी लेथ यंत्रे फिरताना दिसतात. काही हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याची (स्थापना १९४१), काही राजकोट वा बटाला येथे घडलेली. लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखाने बंद पडत गेले, तशी कितीतरी यंत्रे भंगाराच्या भावाने विकली गेली. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य तरुणांसाठी सरकारी छापखाने व रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारीची संधी मागितली होती, हे येथे आठवते. उमेदवारीतून कारागिराला जे ज्ञान मिळते, त्याची नोंद इतिहासाची साधने क्वचितच ठेवतात. संपांच्या तारखा सापडतात, बुश कसा घासावा हे सापडत नाही. म्हणून हा पाठ.

स्पिंडल हा लेथचा कणा. त्याचे बेअरिंग झिजले की कातलेल्या पृष्ठभागावर लाटांसारख्या खुणा उठतात, गोल भाग किंचित अंडाकृती होतो आणि हेडस्टॉकमधून घरघर ऐकू येते. मात्र एवढ्यावरून बेअरिंग बाद ठरवू नये. हत्यार बोथट असले किंवा फार बाहेर काढून बांधले तरी लाटा उठतातच. वीज बंद करून डायल गेजचे टोक स्पिंडलच्या नाकावर टेकवावे, चकखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचलावे व काटा पाहावा. काटा हलला तर आधी मागील समायोजन नट आवळून पाहावा. पुष्कळदा दुखणे तेथेच संपते. नट आवळूनही घरघर राहिली, तर बेअरिंगच्या कड्यांवर खड्डे पडले आहेत असे समजावे.

फार जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांत गनमेटलचे बुश असतात. त्यांना निळा रंग लावून, स्पिंडल फिरवून, उंचवटे स्क्रेपरने थोडे थोडे खरवडावे लागतात. ते धीराचे काम. घाई करणाऱ्याने त्यात हात घालू नये.

टेपर रोलर बेअरिंग असल्यास चक, पट्टा व गिअर काढून, प्रत्येक भागावर खूण करून, स्पिंडल बाहेर घ्यावा. कड्यावरील क्रमांक जपून उतरवावा. ३०२१० या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की ५० मि.मी. हा आतील व्यास मिळतो. नागदेवीच्या बाजारात हा क्रमांक सांगितला की पुरे. नव्या रोलरसोबत जुने बाहेरचे कडे ठेवण्याची काटकसर मात्र करू नये. दोन्ही जोडीनेच बदलावीत.

नवे आतील कडे हातोड्याने ठोकत बसवू नये. तेलात सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. तीस अंशांच्या खोलीत ही वाढ साठ अंशांची. तेवढ्याने ५० मि.मी.चे पोलादी कडे सुमारे ०.०३६ मि.मी. फुगते आणि अलगद सरकते. आपल्या मुलांना प्रसरणाचे सूत्र पाठ असते, पण ते येथे कामी येते हे कोणी सांगत नाही.

सर्वांत नाजूक भाग नट आवळण्याचा. ढिला राहिला तर थरथर, अति आवळला तर उष्णता. खेळ जेमतेम नाहीसा होईल इतकाच आवळावा. नंतर तेल भरून यंत्र कमी वेगात अर्धा तास रिकामे चालवावे व हेडस्टॉकवर तळहात ठेवावा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववेना तर नट किंचित सैल करावा. शेवटी स्पिंडलच्या नाकाचा फेर तपासावा. मध्यम आकाराच्या लेथसाठी ०.०१ मि.मी. ही मर्यादा जर्मन प्राध्यापक गेऑर्ग श्लेसिंगर यांच्या कसोट्यांतून रूढ झाली. ज्यू असल्यामुळे याच श्लेसिंगरांना १९३३ नंतर नाझी जर्मनी सोडावी लागली. काटा या मर्यादेत राहिला की चक चढवून बारीक काप घ्यावा आणि तुकडा दोन्ही टोकांना मायक्रोमीटरने मोजावा.