लेसर वर्णपटाने धातूंची अचूक पारख

वेल्डिंग केलेले गंजरोधक पोलाद पुष्कळदा सांध्यालगतच गंजते. पोलादातील जादा कार्बन तेथील उष्णतेने क्रोमियमशी संयोग पावतो व गंजापासून रक्षण करणारे क्रोमियम कमी पडते. म्हणून अशा कामासाठी ‘३०४ एल’ जात वापरतात. तिच्यातील कार्बनची मर्यादा साधारणतः ०.०३ टक्के असते. ‘३०४’ जातीत तो याहून अधिक चालतो. दिसण्यात मात्र दोन्ही सारखीच.

हा भेद लेसरने ओळखता येतो. लेसरच्या स्पंदाने पृष्ठभागाचा सूक्ष्म अंश तापून त्याचा प्लाझ्मा बनतो आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देते.

परंतु अचूकतेसाठी काही दक्षता आवश्यक आहे. स्पंदांची शक्ती किंचित बदलत असल्याने कार्बनच्या रेषेची तीव्रता लोहाच्या रेषेशी ताडून पाहावी लागते. कार्बनची १९३ नॅनोमीटरजवळची रेषा हवेतील ऑक्सिजन अंशतः शोषतो. त्यासाठी आर्गॉन वायूचे आवरण देतात. तेल व रंग घासून काढले नाहीत, तर त्यांतीलच कार्बन मोजला जातो. शिवाय घटक ज्ञात असलेल्या, त्याच जातीच्या प्रमाण नमुन्यांवर उपकरण पारखून घ्यावे लागते. उपकरणाने दिलेला आकडा या पूर्वतयारीइतकाच विश्वासार्ह असतो.