गाइड संस्था सोडतात तेव्हा

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात माझ्या सरांनी दुसऱ्या राज्यातल्या संस्थेत जायचं ठरवलं. त्यांच्यासाठी ती मोठी संधी होती आणि ती त्यांनी घेतली याबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. पण लॅबमध्ये आम्ही विद्यार्थी होतो, आणि आमचं पुढे काय, हे पुण्यातल्या आमच्या संस्थेत कोणीच सांगत नव्हतं. ऑफिसात विचारलं की ‘तुमच्या सरांना विचारा’, सरांना विचारलं की ‘ऑफिस मार्ग काढेल’. त्यात जे महिने गेले त्यांची किंमत आम्ही मोजली.

बातमी पक्की झाल्यापासून सर कार्यमुक्त होईपर्यंतचा काळ, तेवढाच तुमच्या हातात असतो. तोवर त्यांच्या सहीला वजन असतं, फ्रीझरची किल्ली त्यांच्याकडे असते आणि त्यांच्या एका फोनवर कामं होतात. एकदा त्यांचं नो-ड्यूज झालं की प्रत्येक कागदासाठी तुम्ही एकटे असता. म्हणून सगळं त्याआधी, आणि सगळं लेखी.

पहिला प्रश्न पैशांचा. तुमची फेलोशिप तुमच्या नावावर आहे की सरांच्या प्रोजेक्टवर? सीएसआयआर, यूजीसी, इन्स्पायर, किंवा आपल्याकडच्या बार्टी, सारथी, महाज्योती यांची फेलोशिप विद्यार्थ्याच्या नावावर मिळते. गाइड बदलला तर देणाऱ्या संस्थेची परवानगी काढावी लागते, पण फेलोशिप तुमचीच राहते. प्रोजेक्टवरची जेआरएफ तशी नाही. तो पैसा प्रकल्पाचा असतो. प्रकल्प सरांबरोबर गेला किंवा बंद झाला, की ती जागा संपते. आमच्या लॅबमधली माझी मैत्रीण प्रोजेक्टवर होती. काम माझ्याइतकंच, बाकही शेजारचा, पण पगार थांबला तो तिचा. स्वतःची फेलोशिप असणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. सीएसआयआरमध्ये दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ होताना जी समिती बसते तिच्यात गाइड असतात. नेमक्या त्याच सुमाराला सर गेले तर बढती अडकते. ती बैठक सर असतानाच लावून घ्या.

दुसरा प्रश्न नोंदणीचा. आपल्याकडे लॅब एका संस्थेत आणि पदवी दुसऱ्या विद्यापीठाची, असं सर्रास असतं. नव्या गाइडना तुमच्या विद्यापीठाची, तुमच्या विषयातली मान्यता आहे का, हे आधी बघा. मग त्यांच्याकडे जागा आहे का ते बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. नव्या गाइड ‘ये’ म्हणाल्या आणि त्यांचा कोटा भरलेला असला, तर तुमचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. घड्याळ मात्र चालूच असतं. त्याच नियमांत प्रवेशापासून ६ वर्षांची मुदत आहे, पुनर्नोंदणी करून आणखी २, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत. गाइड बदलला म्हणून ही मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत. विद्यापीठ बदललं तर मात्र प्रवेशच नव्याने घ्यावा लागू शकतो.

तिसरी गोष्ट सामानाची. इकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली. माझं सगळं काम मायनस एटी फ्रीझरमधल्या काही खोक्यांत होतं: मातीतून वेगळे केलेले जीवाणू, त्यांचे म्यूटंट, काही प्लाझ्मिडं. नळ्यांवर हिमाचा थर, त्याखाली आधीच्या सीनियरच्या अक्षरात नुसती आद्याक्षरं आणि तारीख. काहींवरची मार्करची अक्षरं इथेनॉल लागून पुसली होती. कुठल्या नळीत काय आहे ते सरांना तोंडपाठ होतं, कागदावर नव्हतं. सर जाण्याआधी खोके बर्फात ठेवून आम्ही एकेक नळी बाहेर काढली. सर सांगायचे, मी वहीत लिहायची आणि नवं लेबल लावायची. प्रत्येक स्टॉक लूपने जरासा खरवडून प्लेटवर ओढला आणि रात्रभर ३० अंशांवर ठेवला. सगळे उगवले नाहीत. जे मेले होते त्यांच्या प्रती सरांच्या ओळखीच्या एका लॅबमध्ये होत्या, त्या सरांनी स्वतः मागवून दिल्या. पुढे तो फ्रीझर दुसऱ्या विभागाला गेला आणि ज्या खोक्यांवर कोणाचंच नाव नव्हतं ते फेकून देण्यात आले. त्यांत एका सीनियरची पूर्ण पीएचडी होती. ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

यादी झाली की हक्काचं बघा. प्रकल्पाच्या पैशांतून घेतलेली उपकरणं सहसा संस्थेच्या मालकीची असतात आणि लॅब नोटबुकही संस्थेचीच असते. तेव्हा तिची प्रत काढायची तर परवानगी घेऊन. स्ट्रेन एका संस्थेतून दुसरीकडे न्यायचे असतील तर दोन्ही संस्थांत साहित्य हस्तांतराचा करार लागतो, आणि त्यावर सह्या व्हायला वाटतो त्यापेक्षा फार जास्त वेळ लागतो. जैवसुरक्षा समितीची किंवा प्राण्यांवरच्या प्रयोगांची मंजुरी सरांच्या नावावर असते. नव्या नावाने मंजुरी मिळेपर्यंत त्या प्रयोगाला हात लावू नका.

चौथी गोष्ट पेपरची. अर्धवट राहिलेले पेपर गाइड गेल्यावर सर्वांत आधी मागे पडतात, कारण सरांना नवी लॅब उभारायची असते आणि नव्या गाइडचं त्या पेपरमध्ये नाव नसतं. आम्ही एका बैठकीत ठरवलं की कोणता पेपर कोण लिहिणार, पहिलं नाव कोणाचं, पत्रव्यवहार कोण करणार, उरलेले प्रयोग कोणाच्या पैशांतून होणार. त्याच संध्याकाळी मी ते ईमेलने सरांना पाठवलं, ‘आज ठरलं ते असं, काही बदल असल्यास कळवावा’ असं लिहून. पुढे नावांच्या क्रमावरून वाद झाला तेव्हा ती एक ईमेल माझ्या बाजूने उभी राहिली. गुरूंकडे असं लेखी मागणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. मला ते पटत नाही. चांगल्या गुरूला त्याचा राग येत नाही.

आता खरा प्रश्न, जायचं की राहायचं. सरांनी मला विचारलं होतं, “तू येतेस का माझ्याबरोबर?” मी नाही म्हटलं. पहिल्या वर्षात असते तर गेले असते. नवी लॅब म्हणजे उपकरणांची खरेदी, वीजजोडणी, मंजुऱ्या, आणि ते होईपर्यंत विद्यार्थी रिकामा. तिसऱ्या वर्षानंतर हे परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांचं गणित थोडं वेगळं असतं. तिथे एफ-१ व्हिसाचे कागद विद्यापीठाशी बांधलेले असतात. विद्यापीठ बदलायचं तर त्यांची नोंदही बदलून घ्यावी लागते, म्हणून तिथल्या मुलांनी प्राध्यापकाला हो म्हणण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जावं.

राहायचं ठरलं तर नवी लॅब विषय बघून निवडू नका, माणूस बघून निवडा. माझ्या कामाच्या सर्वांत जवळची लॅब मी सोडली, कारण तिथल्या मुलांना एक प्रकरण तपासून मिळायला वर्ष वर्ष लागत होतं. हे तिथल्या मुलांनीच सांगितलं, कँटीनमध्ये, गाइड समोर नसताना. तुम्हीही तिथेच विचारा. ज्या मॅडमकडे मी गेले त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “तुझं जुनं काम प्रबंधात किती आणि माझं किती, ते आधी कागदावर मांड. मग बोलू.” दोन प्रकरणं जुनी, एक नवं असं ठरलं. सर सहमार्गदर्शक राहिले आणि कोणत्या कामासाठी कोणाचा शब्द अखेरचा, तेही संशोधन सल्लागार समितीसमोर नोंदलं गेलं. दोन गाइडांच्या मधे विद्यार्थ्याची ओढाताण होते ती बहुतेकदा ही नोंद नसल्यामुळे.

माझा प्रबंध मुदतीत झाला. शेजारच्या बाकावरची माझी मैत्रीण पीएचडी सोडून नोकरीला लागली. ती माझ्याहून हुशार होती. तिच्याकडे नव्हतं ते फक्त स्वतःच्या नावाचं फेलोशिपचं पत्र, आणि प्रोजेक्ट गेल्यावर तिच्यासाठी पर्यायी पैसा शोधणं हे कोणाचंच काम नव्हतं. विभागप्रमुखांना माझी विनंती आहे: एखादा प्राध्यापक राजीनामा देतो, तेव्हा त्याच्या अर्जाबरोबर त्याच्या विद्यार्थ्यांची यादी आणि प्रत्येकाची पुढची सोय लेखी मागून घ्या, आणि ती मिळाल्याशिवाय त्याला कार्यमुक्त करू नका.