शेणकिडा मित्र, हुमणी वैरी



रायगड जिल्ह्यात मुरूडच्या बाजूला एका नातेवाइकांकडे पहिल्या पावसानंतर जाणे झाले. माड-पोफळीची वाडी, दारात दोन गाई. सकाळी शेणाच्या पोखाली एक काळा, शिंगवाला भुंगा माती उकरत होता. वाडीवाल्या काकांनी तो पायाखाली चिरडला. म्हणाले, "हाच तो गेंड्या. माझे चार माड यानेच खाल्ले." पण तो गेंड्या नव्हता, शेणकिडा होता. काकांना हसण्यात अर्थ नाही. आपणही नांगरामागे दिसेल ती पांढरी अळी हुमणी म्हणून ठेचतोच की! म्हणून एकाच भावकीतल्या या तिघांची ओळख नीट करून घेऊ.

तिघांची ओळख

1) हुमणी : भुंगा तांबूस-तपकिरी. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून निघतो आणि कडुनिंब, बाभळीवर बसून पाला खातो. अळी उसाच्या मुळाशी सापडते. मुळ्या खाते, बेट पिवळे पडते आणि ओढले की हातात येते. हीच आपली वैरीण.

2) गेंड्या भुंगा : काळा, दीड-दोन इंच लांब, डोक्यावर शिंग. माडाच्या शेंड्यात शिरून कोवळी सुई पोखरतो. मग झावळी उलगडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते. याची जाड अळी शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात वाढते.

3) शेणकिडा : काळा, आखूड, गोलसर. डोके पुढून फावड्यासारखे चपटे. काही जातींत नरालाही शिंग असते, तिथेच फसगत होते. हा ताज्या शेणावर भेटतो. याची अळी शेणाच्या गोळ्यात जन्मते आणि त्यातलेच शेण खाऊन मोठी होते. उसाच्या मुळीला ती तोंड लावत नाही.

थोडक्यात, कुठे सापडला ते आधी बघा. मुळाशी हुमणी, खड्ड्यात गेंड्या, शेणाच्या गोळ्यात शेणकिडा.

शेणकिडा काय काम करतो?

काही जाती शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी ढकलत लांब नेतात, काही पोखालीच बीळ पाडून शेण आत ओढतात, तर काही शेणातच राहतात. उघड्यावर वाळणाऱ्या शेणातला नत्र हवेत उडून जातो. गाडलेल्या शेणातला बराचसा जमिनीला मिळतो. बिळांमधून पाणी मुरते, हवा खेळते. शिवाय शेण लवकर हलल्यामुळे माश्या आणि जनावरांच्या पोटातले जंत यांची पैदास कमी होते. ही सगळी मजुरी बिनपैशाची!

आफ्रिकेच्या रानात तर याचा मोठाच बोलबाला. केनियातील त्सावो येथे हत्तीच्या दीड किलो शेणावर दोन तासांत सुमारे 16,000 किडे जमल्याची नोंद आहे. तिथली एक जात रात्री आकाशगंगेचा पट्टा पाहून सरळ रेषेत गोळा नेते, हे शास्त्रज्ञांनी 2013 साली दाखवून दिले.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट त्याहून बोधाची. तिथे गाईगुरे गोऱ्या लोकांनी नेली, पण तिथल्या किड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गाईचे ओले शेण महिनोन्‌महिने कुरणात पडून राही, गवत अडे, माश्या माजत. शेवटी जॉर्ज बोर्नेमिसा या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1965 ते 1985 या काळात आफ्रिका व इतर देशांतून शेणकिडे आणून सोडावे लागले. ज्यासाठी त्या देशाने वीस वर्षे खर्च केला, ते आपल्या बांधावर आपोआप येते. आपण ते पायाखाली चिरडतो.

धोका कुठे आहे?

जंतावरची काही औषधे, विशेषतः आयव्हरमेक्टिन, जनावराच्या शेणातून बाहेर पडतात. अशा शेणातली शेणकिड्याची अळी औषधानंतर काही दिवस मरत राहते. जंताचे औषध बंद करा असे आमचे म्हणणे नाही. पण पशुवैद्यांना विचारून, शक्य तर शेण तपासून, गरज असेल तेव्हाच द्यावे. आख्ख्या गोठ्याला सारखे पाजत बसू नये.

सभासदांनी एवढे करावे

1) वळवाच्या पावसानंतर कडुनिंब, बाभळीच्या फांद्या रात्री हलवून हुमणीचे भुंगे गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. हे काम सगळ्या शिवाराने एकदम केले तरच गुण येतो.

2) शेणखत पूर्ण कुजवूनच शेतात घालावे. कच्च्या खताबरोबर हुमणी रानात जाते.

3) ज्यांची माडाची झाडे आहेत त्यांनी खड्डा उपसताना जाड अळ्या वेचून माराव्यात, कुजकी खोडे वाडीत ठेवू नयेत आणि शेंड्यातला गेंड्या तारेच्या आकड्याने ओढून काढावा.

4) चरणीच्या रानात, बांधावर पडलेल्या शेणावर कीटकनाशकाची भुकटी टाकू नये.

5) शेणाचा गोळा सापडला तर फोडू नये, परत मातीआड करावा.

निघताना काकांना पोखालचे बीळ खणून दाखवले. आत लिंबाएवढा गोळा निघाला. काकांनी तो हातात घेऊन पाहिला आणि गुपचूप होता तिथे ठेवून वर माती ओढली. आपणही येत्या पावसात असेच करू या. आधी ओळखावे, मगच पाय उचलावा.