महिन्याभरात लेकरू हसू-खेळू लागेल, तेव्हा

रिपोर्ट हातात आल्यापासून तुम्ही दोघं एकच विचारताय : वाचेल ना आमचं लेकरू? लहान मुलांत सर्वांत जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. वॉर्डात त्याला 'एएलएल' म्हणतात. प्रगत देशांत आज हा आजार झालेल्या दहा मुलांपैकी जवळजवळ नऊ बरी होतात. आपल्याकडच्या चांगल्या केंद्रांत सहा ते आठ. औषधं बहुतेक तीच. मग एक ते तीन मुलांचा फरक कुठून येतो? उशिरा झालेलं निदान, उपचार चालू असताना झालेला जंतुसंसर्ग, आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार. यातल्या शेवटच्या कारणाबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय.

पहिला महिना खडतर असतो. व्हिन्क्रिस्टीन, अ‍ॅस्पॅरॅजिनेज, स्टिरॉइडच्या गोळ्या, शिवाय आजार मेंदूकडे दबा धरून बसू नये म्हणून पाठीतलं इंजेक्शन. स्टिरॉइडनं चेहरा सुजेल, रात्री दोन वाजता वरणभात मागेल, उगाच चिडेल. व्हिन्क्रिस्टीननं शौचाला घट्ट होईल, पाय दुखतील. डॉनोरुबिसिन दिलं तर लघवी लाल होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. केस जातील आणि परत येतील.

महिन्याअखेरीस बोन मॅरो तपासतात आणि शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक मुलांचा रिपोर्ट चांगला येतो. गालांवर रंग, अंगणात पळापळ. सासूबाई म्हणतात, "झालं की बरं, आता कशाला पोराला सुया टोचताय?" खरा धोका इथे आहे. निदानाच्या वेळी अंगात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असतात. त्यातल्या नव्व्याण्णव टक्के मेल्या तरी उरतात हजार कोटी, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखू येत नाहीत. शेतकऱ्याला हरळी काय असते ते सांगायला नको. वरून कापली की रान स्वच्छ दिसतं, पण मुळं आत जिवंतच असतात. म्हणून 'एमआरडी' ही तपासणी करतात. ती दहा हजारांत लपलेली एक पेशीही हुडकू शकते, आणि पुढचे उपचार किती कडक हवेत हे ठरवायला मोठी मदत होते.

आजार दिसेनासा झाला म्हणजे संपला असं नाही, हा धडा वैद्यकशास्त्रालाही महागात पडला आहे. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अ‍ॅमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा आजार मागे हटवला. ते औषध आलं होतं लेडर्ली प्रयोगशाळेतून, आणि तिथलं संशोधन सांभाळत होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. पण काही महिन्यांत आजार उलटायचा. पुढे साठीच्या दशकात मेम्फिसच्या डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र, मेंदूचा वेगळा बंदोबस्त आणि दोन-तीन वर्षांची चिकाटी असा मेळ घातला, तेव्हा कुठे निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली.

म्हणून उपचार दोन ते अडीच वर्षांचे. शेवटचा मोठा टप्पा घरीच असतो : मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. आणि ताप १००.४ झाला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप म्हणजे रात्री बारालाही दवाखाना. गावातल्या डॉक्टरांना केमोची फाइल आधीच दाखवून ठेवा.

तुमच्या मुलाला 'एएमएल', म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया असेल, तर मात्र हा हिशेब लागू नाही. त्याचे उपचार कमी महिन्यांचे पण फार कडक, बरं होण्याचं प्रमाण कमी, आणि काही मुलांना बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागतो. तुमच्या लेकराचा नेमका आकडा डॉक्टरांनाच विचारा, शेजाऱ्यांना नको.

पैशाची लाज बाळगू नका. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद तेच सांगतील. परळला टाटा हॉस्पिटलात असाल तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडियाची मोफत घरं आहेत. शेत विकायचा विचार आला की आधी समाजसेवकांकडे जा.

आणि गावी आजीकडे ठेवलेल्या थोरलीशी रोज फोनवर बोला. भावंडांना पुष्कळदा वाटतं की आपण भांडताना ढकललं, म्हणून हा आजारी पडला. तिनं विचारायची वाट पाहू नका. तुझ्यामुळे काही झालेलं नाही, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही, हे तुम्हीच तिला सांगा. आणि शक्य असेल तर सुट्टीत दोन दिवस इकडे आणा, डॉक्टरांना विचारून, सर्दी-खोकला किंवा कांजण्यांची लागण नाही ना हे पाहून.