चैत्रांतील पाणपक्षी

पाणपक्षी पाहण्यास सायकलीसारखें दुसरें वाहन नाहीं. संथपणें जाणाऱ्या सायकलस्वारास बगळे फारसे भीत नाहींत. मात्र तो जवळच उतरून उभा राहिला कीं थवा उडालाच म्हणून समजावें! यासाठीं नांदूर-मध्यमेश्वरास जाल तेव्हां पहाटेसच निघावें व काठापासून दूर थांबून दुर्बीण लावावी. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील ही पाणथळ जागा २०१९ सालीं रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरली. महाराष्ट्रांत तो मान तिलाच प्रथम मिळाला.

फाल्गुन सरतां सरतां येथील पाहुणे निघूं लागतात. तलवार बदकें दूर उत्तरेकडे, तर चक्रवाक लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडे जातात. अंगीं सांठविलेली चरबी हीच त्यांची वाटेवरची शिदोरी. पक्ष्यांच्या या ऋतुज्ञानाचा दाखला यिर्मया संदेष्ट्यानेंहि आपल्या लोकांस दिला होता.

येथेंच राहणाऱ्यांची लगबग निराळी. एरवीं मातकट दिसणारी ढोकरी पाठीवर तांबूस-जांभळा पोशाख चढविते. पण खरी पाहण्याजोगी ती टिटवी. ती घरटें असें बांधीतच नाहीं. उघड्या जमिनीवरील लहानशा खळग्यांत ती बहुधा चार अंडीं घालते. त्यांचीं निमुळतीं टोंकें आंत वळलेलीं असतात, आणि रंग मातीशीं इतका मिळता कीं दोन हातांवरूनहि तीं दिसूं नयेत. नर व मादी पाळीपाळीनें सुमारें २८ ते ३० दिवस अंड्यांवर बसतात, तें केवळ ऊब देण्यासाठीं नव्हे. तापलेल्या भुईवर अंडीं उघडीं राहिलीं तर आंतील जीव होरपळतो. म्हणून तीं दोघें अंड्यांवर सावली धरितात, शिवाय पाण्यांत पोट भिजवून येऊन त्या ओलाव्यानें अंडीं निववितात.

आतां पाहा, टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडूं लागली म्हणजे मुलें मौजेनें तेथेंच घुटमळतात. (तिचें ओरडणें अशुभ मानणारेहि आहेत, तिला मात्र आपलें येणेंच अशुभ वाटत असावें.) तितका वेळ अंडीं उन्हांत पडतात. हात न लावतांहि त्यांचा नाश होतो, तो असा. पाणी हटल्यावर गाळपेर करणाऱ्यांचे नांगर व चरणारीं गुरें यांचें भय तिला आहेच. त्यांत आपली भर नको. ती ओरडली कीं आल्या वाटेनें फिरावें, व सायकल चिखलाकडे मुळींच उतरवूं नये.

पुढें महिन्यानें गेलांत तर खळगा रिकामा आढळेल. पिलें जन्मल्यावर लवकरच चालूं लागतात, आणि आईबापांनीं इशारा देतांच मातींत निपचित पडून राहतात. तेव्हां त्या बाजूस पाऊल घालण्यापूर्वीं दुर्बिणीनें जमीन नीट न्याहाळावी.